वस्तीची गाडी जाऊ देऊ नका

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीहून जास्त वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. २०११ च्या मोजणीत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. कमावते हात मुंबईला, गावात बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. एसटी लागते ती नेमकी यांनाच.

त्यातही वस्तीची गाडी. संध्याकाळी येते, शेवटच्या वाडीत देवळापुढे वळते आणि रात्री तिथेच राहते. पहाटे उजाडायच्या आत ड्रायव्हर काच पुसतो, पाखाडी उतरून माणसं येऊ लागतात. तपासणीला निघालेली आजी, पाठीवर दप्तरं घेतलेल्या अकरावीच्या मुली, बाजाराला काजू नेणारी बाई. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या कुणाचा तरी डबा कंडक्टरच्या हवाली होतो. गावात राहून सकाळच्या कॉलेजला वेळेत पोचायचं तर हीच एक गाडी आहे.

ही फेरी बंद करताना कारण दिलं जातं भारमानाचं. सीट भरत नाहीत, डिझेलही सुटत नाही. एसटी तोट्यात आहे हे खरं, आणि २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात पुष्कळ प्रवासी वडापकडे गेले तेही खरं. पण गाडी गेल्यावर काय होतं ते भारमानाच्या तक्त्यात येत नाही. आधी मुलगी तालुक्याला खोली घेते. मग तिला सोबत म्हणून आई जाते. मग घराला कुलूप लागतं, शाळेचा पट घसरतो आणि पुढच्या वर्षी दुसरी फेरीही तोट्यात दिसू लागते.

सवलतींचंही तेच. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, विद्यार्थ्यांना पास. हे सगळं एसटीत चालतं, वडापच्या जीपमध्ये नाही. फेरी गेली की ज्या म्हातारीसाठी योजना काढली तिच्याच हातात कार्ड उरतं आणि जीपला पूर्ण पैसे मोजावे लागतात.

म्हणून गावकऱ्यांना कळकळीची विनंती. ज्या दिवशी बाजाराला जायचंच आहे, त्या दिवशी दुचाकी घरी ठेवा. तिकीट मागून घ्या, सवलतीचं शून्य रुपयांचं असलं तरी घ्या; मशीनमध्ये नोंद झाली तरच तो प्रवासी मोजला जातो.

दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातातली आहे. दिवसभर घाटवळणं काढून आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरला रात्री कुठे झोपवतो आपण? पुष्कळ ठिकाणी गाडीतल्याच सीटवर, डासांत. पावसाळ्यात तर हाल बघवत नाहीत. सभागृहाची एक खोली, दोन खाटा, पंखा, स्वच्छ संडास, आंघोळीला गरम पाणी, एवढं ग्रामपंचायतीला जड नाही. रस्त्यावर आलेल्या फांद्या तोडा, गाडी वळवायची जागा मोकळी ठेवा.

मुंबईच्या ग्राममंडळांनीही यात उतरलं पाहिजे. गणपतीला ग्रुप बुकिंग करून तुम्ही थेट वाडीपर्यंत एसटी आणता. उरलेलं वर्षभर तुमचे आईवडील ज्या फेरीवर जगतात, तिच्यासाठी मंडळाच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांना आणि विभाग नियंत्रकांना पत्र धाडा. आमदारांची गाठ मुंबईतही पडते, तिथे विषय काढा.

आणि एसटीला मागणं एवढंच: मोठी गाडी परवडत नसेल तर लहान द्या, जवळच्या दोन गावांना मिळून एक वस्ती ठेवा, वेळ कॉलेजशी जुळवा. फेरी बंद करण्याआधी गावाला बोलवून विचारा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून आडगावच्या माणसाने या लाल गाडीवर भरवसा ठेवला आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. ठराव लेखी करा, त्यात पासधारक मुलांची, नियमित औषधोपचाराला जाणाऱ्यांची आणि बाजारकरी बायांची संख्या वाडीवार लिहा, सह्या घ्या आणि आगारात देऊन पोचपावती घेऊनच परत या.