फराळाचे डबे आणि रिकामे हात

नवरात्र बसलं की वृद्धाश्रमांतले फोन खणखणायला लागतात. 'आमच्या मंडळाला एक दिवस द्या', 'दिवाळीच्या आधीच्या रविवारी येतो', 'साड्या किती आणायच्या?' 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिनही याच दिवसांत येतो. संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये ठरवलेला हा दिवस 1991 पासून जगभर पाळला जातो. तिथून भाऊबीजेपर्यंत आश्रमाच्या दाराशी गाड्यांची वर्दळ असते. तुळशीचं लग्न आटोपलं, की मग शुकशुकाट! थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

मैत्रिणींनो, मी वाशिम जिल्ह्यातली एक गृहिणी. घरचं सांभाळून महिला मंडळाच्या कामासाठी आश्रमांतून माझं जाणं-येणं असतं. सणाला फराळ घेऊन येणाऱ्यांना नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. देणाऱ्याच्या हातावरच तिथली चूल पेटते, हे मी डोळ्यांनी पाहते. पण एक गोष्ट मनाला टोचत राहते, ती आज बोलून टाकते. सणाच्या दिवशी आपण या म्हाताऱ्या माणसांना फक्त घेणारं करून ठेवलं आहे. आणि आयुष्यभर ज्यांनी सण केला, त्यांना सण नुसता 'मिळाला' तर तो गोड लागत नाही.

कार्यक्रम कसा होतो ते तुम्हीही पाहिलं असेल. आजी-आजोबांना खुर्च्यांवर ओळीने बसवतात. माईकवरून भाषण होतं. 'मुलांनी टाकलेले' हा शब्द त्यांच्यासमोरच चार वेळा उच्चारला जातो. मग साडी, फराळाचा डबा, फोटो. फोटो नीट आला नाही तर तोच डबा पुन्हा हातात! एकदा एक आजी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "माय, चार साड्या झाल्या आता. नेसून जाऊ कोठी?" दुसऱ्या आजींनी डब्यातला लाडू हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "पाक कच्चा राह्यला व पोरी." दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं ते त्या वाक्याला. कारण त्या क्षणी त्या कोणाच्या दयेच्या धनी नव्हत्या. घरातल्या जाणत्या बाई होत्या.

आपले शरदातले सण जरा आठवून पाहा. वडीलधाऱ्या माणसाला त्यात काही ना काही काम आहेच. दसऱ्याला धाकट्यांनी आपट्याची पानं हाती द्यायची आणि मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा. कोजागिरीला ज्येष्ठ अपत्याला ओवाळायचं. भाऊबीजेला भावाची वाट पाहायची, पाट मांडायचा. पोहरादेवी आपल्याच मानोरा तालुक्यात, त्यामुळे बंजारा तांड्यावरची दिवाळी आपल्याला नवी नाही. लेकी हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागायला जातात आणि थोरांचा आशीर्वाद घेतात. दाराशी थोर माणूसच नसेल तर मेरा मागायचा कोणाकडे? आश्रमातल्या कार्यक्रमात हे सगळं उलटं होऊन बसतं. आशीर्वाद देणारा हात डबा घेण्यासाठी पसरलेला दिसतो.

आपल्या विदर्भातच बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. कुष्ठरोग्यांना भीक घालून त्यांचा मान परत मिळत नाही, हाताला काम दिल्याने मिळतो, हे त्यांनी करून दाखवलं. मग तोच विचार आपण आपल्या म्हाताऱ्यांच्या सणाला का लावू नये?

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने एक छोटासा प्रयोग केला. भुलाबाई तुम्हाला आठवतेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात घरोघरी भुलाबाई-भुलोजी बसायचे, पोरी रोज संध्याकाळी फेर धरून गाणी म्हणायच्या, झाकलेली खिरापत ओळखायच्या. आता शिकवणी, मोबाईल आणि टीव्ही यांत ते हरवत चाललं आहे. आमच्याच लेकींना दोन गाणी धड येत नाहीत. आम्ही शाळेतल्या काही मुलींना घेऊन आश्रमात गेलो आणि आजींना म्हटलं, "यांना भुलाबाईची गाणी शिकवा."

आधी सगळ्या लाजल्या. 'आता काय आठवते व!' म्हणाल्या. मग एकीने सुरू केलं, दुसरीने तिला अडवलं. रिसोडकडची म्हणे शब्द असे आहेत, कारंज्याकडची म्हणे तसे. चांगलं अर्धा तास भांडण रंगलं! मुली हसून हसून लोटपोट. एरवी खोलीतून बाहेर न येणाऱ्या एक आजी दाराशी उभ्या राहून तिसरंच कडवं म्हणू लागल्या. निघताना मुलींनी विचारलं, "पुन्हा कधी यायचं?" साडी वाटपाच्या कार्यक्रमात हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता.

काहीजणी म्हणतील, 'त्यांनी आयुष्यभर कष्टच केले, आता तरी बसून खाऊ द्या.' आश्रम चालवणारे म्हणतात, 'कढईशी कोणी भाजलं, पाय घसरला तर जबाबदार कोण?' दोन्ही म्हणणी खोटी नाहीत. ज्याला बसायचं त्याने खुशाल बसावं, जबरदस्ती कसली? आणि तळण्याचं काम आपण करू. पण खुर्चीवर बसून करंज्या भरता येतात, वाती वळता येतात, रांगोळी कुठे घालायची ते सांगता येतं, चिवड्याला मीठ किती ते ठरवता येतं. आजोबा मंडळींना आकाशकंदील करू द्या, हिशेब ठेवू द्या. आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी याच दिवसांत असते. शेतीत जन्म गेलेल्या आजोबांना 'यंदा उतारा कसा?' असं नुसतं विचारून बघा, तासभर बोलतील.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बायकांच्या पानावर नाही बोलायची तर कुठे बोलायची? 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे 10 कोटींहून जास्त लोक होते आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त. मी ज्या आश्रमांत जाते, तिथल्या बहुतेक आजी विधवा आहेत. आणि आपण तिथे जाऊन काय करतो? हळदीकुंकवाची कोयरी फिरवताना हात आखडता घेतो. दोन-तीन सवाष्णींना कुंकू लावतो, बाकीच्यांना नुसता नमस्कार. दिवा लावायला पाहुण्या सवाष्णीला पुढे करतो. ज्यांचा सण करायला गेलो, त्यांनाच बाजूला सारतो! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. ठराव ग्रामपंचायतीने केला, तरी कोयरी असते आपल्याच हातात. पहिलं कुंकू सगळ्यात वयस्कर आजीला लावायचं, ती नवऱ्यामागे राहिलेली असो वा नसो, एवढं ठरवायला कोणत्या परिपत्रकाची गरज आहे?

आता घरच्यांबद्दल. वृद्धाश्रमात असलेला प्रत्येक माणूस 'टाकलेला' नसतो. कोणाचं मागे कोणीच नाही, कोणाची लेक एकटीच आणि तीही परगावी, कोणी सुनेशी पटत नाही म्हणून आपणहून आलेलं. त्यामुळे सरसकट मुलांना शिव्या घालून मोकळं होण्यात अर्थ नाही. जिथे खरंच हेळसांड आहे, तिथे कायदा आहे. 2007 च्या कायद्यानुसार आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करून मुलांकडून महिना 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनीही आहे. हे आपल्या शेजारच्या आजींना जरूर सांगा. पण कायदा निर्वाहाचे पैसे मिळवून देईल, भाऊबीजेचा पाट मांडून देणार नाही. ते माणसांनीच करायचं आहे. तुमच्या नात्यातली मावशी, आत्या, चुलत सासूबाई कुठल्या आश्रमात असतील, तर दिवाळीचे दोन दिवस त्यांना घरी आणता येतं का, बघा. बाज अंगणात टाकावी लागली तरी चालेल.

आणि ज्यांना आश्रमात जायचंच आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. जाण्याआधी फोन करून काय हवं ते विचारा. दात नसलेल्या माणसाला चकली आणि साखरेचा आजार असलेल्याला बुंदीचे लाडू, हे दान कोणाच्या कामाचं? दिवाळी सरल्यावर थंडी पडते, तेव्हा घोंगडी, पायमोजे लागतात. चष्म्याचा नंबर, कानाच्या यंत्राचे सेल, गुडघ्याचं मलम यांची गरज वर्षभर असते. गावातल्या पाच मंडळांनी एकत्र बसून महिने वाटून घेतले, तर ऑक्टोबरात पाच वेळा जेवणावळ आणि फेब्रुवारीत कोणीच नाही, असं होणार नाही. फोटो काढायचा तर विचारून काढा. बरेचदा त्यांना तो फोटो नातेवाइकांनी पाहिलेला नको असतो. आणि माईकवरून 'टाकलेले', 'निराधार', 'बिचारे' हे शब्द तर अजिबात नकोत.

1995 मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, तेव्हा आपल्या छोट्या गावांत लोक म्हणायचे, 'हे शहरातलं खूळ, आपल्याकडे कशाला?' आज आपलीच मुलं पुण्या-मुंबईला आहेत आणि आपण दोघंच मोठ्या घरात. उद्या त्या ओळीतल्या खुर्चीवर आपण नसूच, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? म्हणून यंदा आश्रमात फराळ नेताना तयार डब्यांसोबत थोडी कणीक, थोडं सारण आणि एक मोठी परात न्या. परात आजींच्या पुढ्यात ठेवा, आणि त्यांना विचारा, "पुढं काय करू, माय?"