पाहुण्यांबरोबरचे पाहुणे

भाऊबीज आठ दिवसांवर आली होती. आमच्या सौ.चे अण्णा, वय वर्षे ८४, दरवर्षीप्रमाणे येणार होते. त्यांच्या वडिलांनी १९६१ साली छापून घेतलेला घराण्याचा कुलवृत्तांत त्यांना पुन्हा एकदा स्वतः वाचायचा होता. पण टाईप बारीक, पाने पिवळी, एक डोळा जवळजवळ गेलेला, आणि भिंग धरले की हात कापतो.

"अहो, तुमच्या त्या संगणकात घाला आणि मोठ्या अक्षरांत काढून द्या की," सौ. म्हणाली. तिच्या लेखी संगणक म्हणजे पिठाची गिरणी. वरून घातले की खालून निघालेच पाहिजे.

पानांचे फोटो काढले. फोटोतली अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम भाच्याने पेनड्राइव्हवर दिला. "मामा, डीपीकेजीने बसवा, झालं," असे म्हणून स्वारी बंगळूरला पसार! मी हुकूम सोडला. यंत्राने सुनावले, की हा प्रोग्रॅम टेसरॅक्टवर अवलंबून आहे आणि टेसरॅक्ट तुमच्या घरी नाही. म्हणजे पाहुणा सामानासकट उंबऱ्यात उभा. ना आत, ना बाहेर. बरे, दुसरे काही बसवू म्हटले तर, आधी याचे निस्तरा!

खरी गोम अशी, की कुठलाच प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतो. प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी असते; तीत आपल्याला कोणकोण लागतात त्यांची नावे. टेसरॅक्टला लेप्टोनिका लागते, लेप्टोनिकाला चित्रे उलगडणारी आणखी चारजण. डीपीकेजी ही चिठ्ठी वाचतो, पण बाजारात जात नाही. बाजारहाट करतो तो ॲप्ट. माझ्या संगणकावरचे उबुंटू हे डेबियनच्या वंशातले. (इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, आणि स्वतःचे नाव जोडून 'डेबियन' केले. हाही एक कुलवृत्तांतच!) ॲप्ट त्या घरात रुजू झाला तो १९९९ च्या २.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या लोकांनी काय सोसले असेल ते त्यांनाच ठाऊक.

भाच्याने फोनवर मंत्र दिला : सुडो ॲप्ट, मग दोन आडव्या रेघा, फिक्स-ब्रोकन, मग इन्स्टॉल. ॲप्टने कोणकोण येणार ते वाचून दाखवले, किती जागा व्यापतील ते सांगितले आणि 'पुढे जाऊ का?' असे विचारले. लग्नाला येणारी मंडळी एवढे विचारतील तर काय हवे! "आणि मामा, 'ॲप्ट मू' असं लिहून बघा." लिहिले, तर पडद्यावर गाय! वसुबारस तोंडावर आलेली, सौ.ने तेवढ्याकरिता संगणकाला बरे म्हटले.

पहिले पान घातले. पणजोबांच्या जागी रोमन अक्षरांची आणि टिंबांची रांगोळी उमटली. टेसरॅक्ट आपल्याबरोबर इंग्रजी आणतो, मराठी नाही. चिठ्ठीत तिचे नावच नसते. ती 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' असे नाव घेऊन वेगळी मागवावी लागते. मागवली, भाषा मराठी निवडली आणि पणजोबा प्रगट झाले! चुका होत्याच. तीन संध्याकाळी दुरुस्त करत बसलो आणि २२ पॉइंटांत छापून घेतले.

भाऊबीजेला अण्णा पाटावर बसून वाचू लागले. चौथ्या पानावर थांबले.

"अहो, हे घोंडोपंत कोण? आमचे धोंडोपंत! ही चूक यंत्राची की तुमची?"

"यंत्राची," मी म्हटले.

ताम्हनातले निरांजन विझत आले, तरी ते वाचतच होते.