डावा कोण, उजवा कोण : नगरच्या किल्ल्यातले बारा जण

आज 9 ऑगस्ट. 1942 साली याच दिवशी पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब असे ते बारा जण. क्रांतिदिनी आपल्या जिल्ह्यात नेहरूंनी इथे लिहिलेल्या ग्रंथाची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण आज आम्हाला या बारा जणांबद्दल दुसरेच काही सांगायचे आहे. निवडणूक ग्रामपंचायतीची असो की राष्ट्रपतिपदाची, उमेदवार डावा की उजवा एवढे ठरवले की त्याची पारख झाली, असे आपण हल्ली धरून चालतो. ही पारख किती कच्ची असते, हे ज्यांच्या चरित्रांतून शिकावे अशी माणसे जवळजवळ तीन वर्षे आपल्याच गावात बंद होती.

त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक राष्ट्रपती म्हणत. 1939 च्या जानेवारीत त्या पदासाठी लढत झाली, ती सुभाषचंद्र बोस आणि पट्टाभी यांच्यात. बोस डाव्यांचे, पट्टाभी उजव्यांचे, अशी सरळ वाटणी देशभर झाली. पट्टाभींना पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर पटेल, कृपलानी आणि शंकरराव देव यांच्या सह्या होत्या. आझादांचे नाव आधी पुढे आले होते, त्यांनी ते मागे घेतले. नरेंद्र देवांसारखा माणूस अध्यक्ष होत असेल तर आपण बाजूला होऊ, असे बोस म्हणाले होते. बोस दोनशेंहून थोड्या अधिक मतांनी जिंकले. मग त्रिपुरीला पंतांनी ठराव आणून त्यांचे हात बांधले आणि नरेंद्र देवांचा समाजवादी पक्ष त्या मतदानात तटस्थ राहिला. एप्रिल संपता संपता बोसांनी राजीनामा दिला. या लढतीत ज्यांची नावे आली, त्यांतले बोस वगळता बहुतेक सगळे साडेतीन वर्षांनी नगरच्या किल्ल्यात एका अंगणाभोवतीच्या खोल्यांत राहत होते.

आणि ज्या लढ्यापायी ते इथे आले, त्यात कोण कुठे उभा होता? उजवे म्हणून ओळखले जाणारे पटेल तातडीने लढा पुकारण्याच्या बाजूने ठाम होते. डावे म्हणवले जाणारे नेहरू घुटमळत होते, कारण फॅसिझमविरुद्ध युद्ध चालू असताना इंग्रजांशी असे भिडावे का, हा प्रश्न त्यांना पोखरत होता. आझादांनाही शंका होत्या. कम्युनिस्टांनी लढ्याला विरोधच केला. समाजवाद्यांनी मात्र तो अंगावर घेतला, आणि त्यांच्या आघाडीला होते आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन. पुढारी त्यांच्या गावच्या किल्ल्यात कैद, आणि हे भूमिगत राहून पोलिसांना हुलकावण्या देत लढा चालवत होते. डाव्या-उजव्याची 1939 ची मोजपट्टी 1942 मध्ये अशी निरुपयोगी ठरली.

किल्ल्याच्या आत ही माणसे काय करत होती, तेही पाहावे. नेहरू अंगणातली खडकाळ जमीन खणून फुलझाडे लावत. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागले, तेव्हा त्यांचे मन चांदबिबीच्या काळात गेले. आझाद पहाटे उठून चहा करत आणि खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांवर पत्रे लिहीत. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. ते इथेच होते. पट्टाभी रोजनिशी लिहीत. मार्क्सवादी नरेंद्र देवांनी वसुबंधूंचा ‘अभिधर्मकोश’ फ्रेंचवरून हिंदीत आणण्याचे काम हाती घेतले. मार्क्स मानणारा माणूस दम्याने धापा टाकत बौद्ध तत्त्वज्ञानाचा ग्रंथ उतरवत बसतो, त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे? नेहरूंनी आपल्या ग्रंथासाठी ज्यांचे विशेष ऋण मानले, त्यांत आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली ही चार नावे एकत्र आहेत.

या सहवासामुळे पुढचे मतभेद मिटले, असे मात्र झाले नाही. 1948 मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा नरेंद्र देवांनी सहकाऱ्यांसह आमदारकी सोडली. काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली जागा आहे, ती ठेवून पक्ष सोडणे बरोबर नाही, एवढेच त्यामागचे कारण. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा मतदारांपुढे गेले. संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री तेव्हा पंत होते, किल्ल्यातले सोबती. काँग्रेसने बाबा राघवदास या साधूपुरुषाला उभे केले आणि नरेंद्र देव देव मानत नाहीत, हा प्रचाराचा मुद्दा केला. नरेंद्र देव हरले. या बारा जणांत राजकीय सचोटीचा मान आम्ही सर्वांत आधी त्यांना देऊ. ते डावे होते म्हणून नव्हे. मताशी जुळत नाही म्हणून हातची जागा सोडून ते हरायला तयार झाले म्हणून.

कृपलानींचे चरित्र तर डाव्या-उजव्याचा हिशोब मांडणाऱ्याची पाटीच पुसून टाकते. 1939 मध्ये ते पट्टाभींच्या, म्हणजे उजव्यांच्या बाजूला. 1950 मध्ये नाशिक अधिवेशनासाठी अध्यक्ष निवडायचा होता, तेव्हा पटेलांचा कल पुरुषोत्तमदास टंडनांकडे आणि नेहरूंचा कृपलानींकडे, म्हणून तेच कृपलानी आता डावीकडचे ठरले. टंडनांना 1306 मते पडली, कृपलानींना 1092. तिसरे उमेदवार होते आपले शंकरराव देव, त्यांना 202. पुढच्या वर्षी कृपलानींनी वेगळा पक्ष काढला आणि तो समाजवाद्यांत मिसळला. 1962 मध्ये उत्तर मुंबईत ते कृष्ण मेननांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या पाठीशी होते. 1963 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव त्यांनी मांडला, तो नेहरूंच्या सरकारवर. माणूस तोच, खादी तीच, हट्टही तोच. दर वेळी प्रश्न बदलला, म्हणून शेजारी उभे राहणारे बदलले.

देशाच्या राष्ट्रपतिपदाची 1969 ची निवडणूकही इथे आठवते. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने चिंतामणराव देशमुखांना उभे केले, म्हणून ते उजव्यांचे उमेदवार ठरले. त्याच जुलैमध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि व्ही. व्ही. गिरींच्या बाजूचा सारा जोर त्यावर होता. पण इंपीरियल बँक सरकारी होऊन 1955 मध्ये स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री हेच देशमुख होते, आणि 1956 च्या जानेवारीत आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणाही त्यांनीच केली. मुंबईच्या प्रश्नावर त्याच वर्षी मंत्रिपद सोडणारा हा माणूस पाठिंबा देणाऱ्यांवरून मोजला गेला, स्वतःच्या कामावरून नाही. त्यांचा क्रमांक तिसरा लागला.

नगर जिल्ह्याला तरी हे नवे वाटू नये. संगमनेर-अकोल्यात दत्ता देशमुखांनी लाल झेंडा रोवला. तरुणपणी कम्युनिस्ट असलेले अण्णासाहेब शिंदे पुढे काँग्रेसकडून केंद्रात कृषी राज्यमंत्री झाले आणि हरितक्रांतीच्या कामात राबले. भाऊसाहेब थोरात त्याच लाल वाटेने येऊन सहकारात उतरले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला उभा केलेला सहकारी साखर कारखाना डावा म्हणायचा की उजवा? भागभांडवल शेतकऱ्याचे, मालकी सभासदांची, आणि साखर बाजारात विकायची.

म्हणून मतदारांना आमची विनंती आहे. उमेदवार दारात आला की त्याचा रंग विचारू नका. समन्यायी पाणीवाटपात भंडारदरा-मुळाचे पाणी जायकवाडीला सोडण्यावर त्याची भूमिका काय, आणि तीच भूमिका तो पैठणच्या सभेतही मांडेल का, ते विचारा. कांद्याच्या निर्यातबंदीच्या वेळी तो कुठे होता, ते विचारा. आणि त्याने पक्ष बदललेला असेल, तर आधीच्या चिन्हावर मिळालेली जागा सोडून तो तुमच्यापुढे पुन्हा आला होता का, हे सगळ्यांत आधी विचारा.