गोंदियात ‘प्रॉन्स कोळीवाडा’ कशाला? तलावाचे झिंगे विका!

ठेल्याच्या धंद्यावरचे व्हिडिओ टाकायला लागल्यापासून पूर्व विदर्भातली पोरं मला एकच प्रश्न विचारतात. “सर, गोंदियात सी-फूडचा ठेला टाकू का? प्रॉन्स कोळीवाडा, सुरमई फ्राय. काहीतरी हटके!”

माझं मत सरळ आहे. ठेला जरूर टाका, पण समुद्र विकायला जाऊ नका.

मुंबई इथून रेल्वेनं हजार किलोमीटरच्या आसपास. तिथला माल बर्फात येणार आणि प्रत्येक हाताला त्याचा भाव वाढणार. गाडी चुकली की तुमचा ठेला बंद. आणि आपल्याकडे काय कमी आहे? भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव गावोगाव आहेत, नवेगाव बांध आहे, इटियाडोह आहे. ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था तिथं मासेमारी करतात. रोहू, कतला, मरळ आणि झिंगे! काठावर सकाळी निघालेली मासोळी संध्याकाळी तुमच्या कढईत. असा ताजेपणा मुंबईच्या हॉटेलवाल्यालाही सहज मिळत नाही.

आता हिशोब बघा. भाव मी समजण्यापुरते धरतोय, तुम्ही तुमच्या बाजारातले टाका.

मोठा झिंगा ५०० रुपये किलो धरा. डोकं आणि साल काढली की जेमतेम निम्मा माल उरतो. म्हणजे सोललेला झिंगा पडला १,००० रुपये किलो. प्लेटमध्ये १०० ग्रॅम घातला की १०० रुपये तिथंच गेले. तेल, मसाला, गॅस धरून प्लेट १८० ते २०० ला विकावी लागेल. संध्याकाळी ठेल्यावर उभं राहून एवढे पैसे देणारं गिऱ्हाईक रोज किती येईल?

आता तलावाचा बारीक झिंगा घ्या. तो सालीसकट तळला जातो. मिशा आणि काडीकचरा निवडला की झालं, वाया जाणार फार तर दहा टक्के. ३०० रुपये किलोनं घेतला तर साफ माल साधारण ३३० ला पडतो. ६० ग्रॅम झिंगा म्हणजे २० रुपये. बेसन, कांदा, मिरची, तेल, गॅस, द्रोण यांचे आणखी १५. ३५ रुपयांची झिंगा भजीची प्लेट ६० ला विका, २५ राहतात. चाळीस प्लेटा गेल्या तर हजार रुपये. यातूनच तुमची मजुरी काढायची आहे, विसरू नका. बेसनात तांदळाचं पीठ घाला, भजी कुरकुरीत होते. धानाच्या जिल्ह्यात कणी दळून घ्यायला कितीसं लागतं?

आणि ज्या ‘कोळीवाडा’ची नक्कल करायचीय, तो पदार्थ तरी कसा जन्मला? फाळणीनंतर मुंबईत सायन कोळीवाड्याच्या छावणीत पंजाबी निर्वासित वसले. त्यांनी मुंबईचा झिंगा घेतला, आपला मसाला लावला आणि वस्तीचं नाव पदार्थाला चिकटलं. हाताशी होतं तेच त्यांनी विकलं. मग तुमच्या पाटीवर ‘नवेगावचा झिंगा’ का नको? फक्त झिंगा खरंच नवेगावचा असू द्या. गोंदियातलं गिऱ्हाईक मासोळी ओळखतं, त्याला फसवता येत नाही.

भांडवलाचं म्हणाल तर २०२० मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना फेरीवाल्यांसाठीच आहे. पहिलं कर्ज आधी १० हजार होतं, २०२५ मध्ये १५ हजारांपर्यंत झालं. नगर परिषदेत चौकशी करा. एफएसएसएआयची नोंदणीही पहिल्याच दिवशी करून घ्या.

बर्फात मात्र कंजूषी नको. विदर्भाच्या उन्हाळ्यात एक किलो झिंग्याला एक किलो बर्फ लागतोच, कारण झिंगा मासोळीपेक्षाही लवकर नासतो. एकदा कुणाचं पोट बिघडलं की गावभर होतं. तेल काळं पडलं, फेस धरायला लागलं की फेका. संध्याकाळी उरलेला झिंगा उद्यासाठी ठेवायचा नाही, म्हणून सुरुवातीला दोन किलोच आणा. संपला तर संपला. “लवकर या” म्हणायला तरी जागा राहते.

शेवटचं, आणि हे नवीन पोरं हमखास विसरतात. कॅलेंडर! सोमवार, गुरुवार, शनिवारी बरेच जण मांसाहार करत नाहीत. श्रावण आणि नवरात्रात तर विक्री झोपतेच. वर्षाचा हिशोब ३६५ दिवसांचा धरू नका, २०० दिवसांचा धरा आणि तरी परवडतंय का बघा. बंद दिवसांत आलूबोंडा विकायचा असेल तर कढई, झारा आणि तेल वेगळंच ठेवा. शाकाहारी माणसाला झिंग्याचा वास लांबूनच येतो.