हरभऱ्याची वैरीण, वाळूची कारागीर

मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणाऱ्या नेकनूरच्या शिवारात, फुलोऱ्यावर आलेला हरभरा एकाएकी माना टाकू लागला म्हणजे ‘मर लागली’ एवढ्याच शब्दांत शेतकरी आपल्या नुकसानीचा पंचनामा करतो. ज्या बुरशीचा हा प्रताप, ती फ्युझॅरियम ऑक्सिस्पोरम, कृषिखात्याच्या पत्रकांतून त्याच्या परिचयाचीही झालेली असते. परंतु याच जातीच्या बुरशीने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वाळूतून सिलिकाचे अतिसूक्ष्म कण बाहेर काढून दाखविले, ही वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज मात्र कोणत्याही खात्याने केलेली दिसत नाही.

सिलिका, म्हणजे वाळूचा आणि गारगोटीचा मुख्य घटक, मनुष्याच्या हातून वळते ते अग्नीच्या धाकाने. काचेच्या भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढवावी लागते. समुद्रतळीचा स्पंज मात्र हेच काम थंड पाण्यात, कोणतीही भट्टी न पेटविता, निमूटपणे उरकतो. त्याच्या काचमय सुयांच्या गाभ्यात सिलिकेटिन नावाचे प्रथिन असते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील डॅनियल मोर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. आणि आश्चर्य असे की, प्रथिनांचे विघटन करणाऱ्या कॅथेप्सिन या विकराशीच त्याचे जवळचे नाते निघाले. मोडण्याचे काम करणाऱ्या घराण्यातील एका शाखेने घडविण्याचा व्यवसाय पत्करावा, हा निसर्गाचा कारभार आपल्या सरकारी खात्यांहून पुष्कळच लवचिक म्हटला पाहिजे.

पुण्यात मुरली शास्त्री, अब्सार अहमद व विपुल बन्सल यांनी हाच मार्ग जमिनीवरील जीवाकडून चोखाळला. २००५ साली वाळूवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. आणि पुढल्याच वर्षी, भाताच्या तुसात अनियमित रचनेत असलेली सिलिका बुरशीच्या साहाय्याने, साध्या खोलीच्या तापमानाला, स्फटिकरूपात बाहेर काढल्याचे या मंडळींनी दाखविले. ते कण अवघे दोन ते सहा नॅनोमीटर व्यासाचे असून, बुरशीनेच स्रवलेल्या प्रथिनांचे आवरण त्यांना परस्परांपासून दूर राखीत होते.

आता प्रश्न मराठवाड्याचा. भाताचे तूस आमच्याकडे नाही. पण ज्वारीची पात हाताला कापते ती तिच्यातील सिलिकेमुळेच, आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरांतून निघणारी बगॅसची राख तर सिलिकेने समृद्ध असते. कडब्यावर हात टाकण्याची शिफारस मी करणार नाही. ज्या नेकनूरचा बाजार जनावरांसाठी प्रसिद्ध आहे तेथे ती शोभणारही नाही. राखेची गोष्ट निराळी. तिच्यातील सिलिका आधीच भट्टीतून तावून निघालेली असल्यामुळे बुरशी तिला कितपत दाद देईल, हे प्रयोगानेच ठरावयाचे. आणि तो प्रयोग परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने व पुण्याच्या प्रयोगशाळेने मिळून हाती घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

बुरशीचे काम संथ, उत्पन्न तोळामासा, आणि तिच्या बळावर काचेचा कारखाना चालणार नाही, हा आक्षेप खराच आहे. परंतु असल्या सूक्ष्म सिलिकेचे गिऱ्हाईक काचवाला नसून औषध शरीरात पोहोचविणारा वाहक किंवा उत्प्रेरकाचा आधार शोधणारा रसायनतज्ज्ञ आहे, आणि तेथे हिशोब टनांत होत नाही. धास्ती वाटावी अशा बाबी दोनच. या बुरशीचे पोटभेद अनेक असून हरभऱ्याला मारणारा पोटभेद वेगळा असला, तरी कोणताही वाण बंदिस्त पात्राबाहेर जाता कामा नये. शक्यतो बुरशी वेगळी काढून तिच्या प्रथिनांकडूनच काम करवून घ्यावे. आणि स्फटिकरूप सिलिकेची धूळ फुप्फुसाला घातक असल्याने सर्व काम ओल्या स्थितीतच चालावे, अशी सक्त ताकीद मंजुरीच्या हुकुमातच असावी.