रुळांचा हिशोब मांडा



मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली धावली. १९०७ साली ती विजेवर आली आणि १९६४ साली मोडीतही निघाली. बीड शहरातून पहिली आगगाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मुंबईने एक वाहन वापरून टाकून दिले, त्यालाही साठ वर्षे झाली, तेव्हा कुठे आमच्या दारात रूळ आले.

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. तेव्हाचा खर्च ३५३ कोटी. तीस वर्षे रखडवून तो ४,८०५ कोटींवर नेला. गाडी आली त्या दिवशीही बीड–परळी तुकडा अपुराच होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईची भुयारी मेट्रो-३ पुरी झाली. लांबी ३३.५ किलोमीटर, खर्च ३७ हजार कोटींच्या वर. म्हणजे किलोमीटरला सुमारे अकराशे कोटी; आमच्या रुळाला अठरा. भुयार महाग असते हे आम्हालाही कळते. पण तिथे पैसा लागला तर जपानचे कर्ज येते. इथे लागला तर पुढच्या बजेटची वाट पाहा!

शहरातल्या कामगाराने लोकलला लटकून मरावे असे आम्ही म्हणत नाही. तो गावातून हुसकावला गेलेला आमचाच भाऊ आहे. पण सरकारी तिजोरीत आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलवरचा करही पडतो. मग हिशोब विचारायचा नाही का?

पुढारी म्हणतात, गाडी आली, आता हार घाला. आमचा प्रश्न मालाचा आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावरून उतरवलेले सीताफळ तीन-चार दिवसांत पिकते. ते कागदाने विकले जात नाही, वेळेवर सुटणाऱ्या डब्याने विकले जाते. दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड्याला स्वस्त तिकीट मिळाले आणि माल मात्र घरात सडला, तर हा विकास कोणाचा?

आमच्या मागण्या तीन. परळीपर्यंत रूळ पुरा करण्याची तारीख लेखी द्या. आष्टी आणि बीडला मालधक्का व हंगामात नाशवंत मालाचे डबे द्या. रुळाखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला गाववार जाहीर करा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाच्या आडतीच्या पट्ट्या आणाव्यात. त्यातला ट्रकभाड्याचा आकडा लाल शाईने अधोरेखित करा. तेच आमचे निवेदन.