तारण नसलेले आश्वासन

बँकेत असताना कर्ज देण्याआधी मी तारण पाहत असे. हातांच्या व्यायामाने लिंग वाढते, या दाव्यामागे तारणच नाही. भरवशाचा पुरावा नाही. जोराच्या ओढाताणीने इजा मात्र होऊ शकते. लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. कारण भीती खपते. २०१५ साली ब्रिटिश संशोधकांनी १५,००० हून अधिक पुरुषांची मापे एकत्र केली. ताठर अवस्थेतील सरासरी निघाली सुमारे १३ सेंटिमीटर. या चिंतेने डॉक्टरांकडे जाणारे बहुतेक जण सामान्यच निघतात. तेव्हा तरुण मित्रांनो, फूटपट्टी ठेवा आणि एकदा डॉक्टरांशी बोला. खात्यात सहसा तूट नसते. आम्हा वडीलधाऱ्यांनीच लाजेपोटी तुम्हाला शिल्लक सांगितलेली नाही.